दारावर माणूस लागणार नाही

मी आयुष्यात बरीच बेजबाबदार वाक्यं बोलले असेन, पण लेटरहेडवर छापून, खाली सही-शिक्का मारून दिलेलं असं वाक्य एकच आहे. पनवेलजवळच्या मासळीच्या एका कारखान्यात, शेठच्या केबिनमध्ये बसून, समोरचा चहा गार व्हायच्या आत मी ते लिहून मोकळी झाले होते. खोडायला मात्र मला अडीच महिने लागले.

तेव्हा मी मुंबईतली नोकरी सोडून नुकतंच स्वतःचं काम सुरू केलं होतं. पनवेलच्या जुन्या बाजारात एका झेरॉक्सच्या दुकानावर माझं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक घडीची शिडी. स्कूटरला शिडी बांधून मी निघाले की बाजारातले लोक मला इलेक्ट्रिशियन समजून पंख्याच्या तक्रारी सांगायचे. खरं तर मी कंपन्यांमध्ये बिनतारी नेटवर्क बसवायची, आणि त्यातही फोनवर बोलण्यासाठीचं. म्हणजे छताला ठरावीक अंतरावर पांढरे डबे लावायचे, ते वायरीनं एकमेकांना जोडायचे, आणि माणसांच्या हातात मोबाइलसारखे दिसणारे हँडसेट द्यायचे. मग कंपनीच्या आवारात कुणीही कुणाशीही बोलावं, मोबाइलची रेंज असो वा नसो.

हे काम दिसतं सोपं. इंटरनेटवरून पाठवलेलं पत्र अर्धा सेकंद उशिरा पोचलं तर कुणाला पत्ताही लागत नाही. पण आवाज अर्धा सेकंद उशिरा पोचला की दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम थांबतात, आणि मग दोघं एकदम ‘बोला, बोला’ म्हणतात. शिवाय चालता चालता बोलणारा माणूस एका डब्याच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जातो, तेव्हा त्याच्या हँडसेटनं पहिला डबा वेळेवर सोडावा लागतो. काही हँडसेट निरोप घेऊनही दारात अर्धा तास बोलत उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखे असतात, सोडतच नाहीत. हे सगळं जुळवणं म्हणजे माझं काम, आणि ते आपल्याला फारच छान जमतं असा माझा तेव्हा समज होता.

कारखाना उरण रोडला होता, शहर संपून खाडीची चिखलट जमीन सुरू होते त्या भागात. विमानतळ येणार, येणार म्हणून तिथल्या चहाच्या टपरीवरसुद्धा जमिनीच्याच गोष्टी चालायच्या. ज्याला त्याला बंदरातली नाहीतर गोदामातली नोकरी हवी होती, त्यामुळे कारखान्याला माणसं मिळेनाशी झाली होती. उरणहून टेम्पो भरून मासळी यायची. ती धुवायची, निवडायची, कोळंबी सोलायची, पत्र्याच्या ट्रेमध्ये लावून गोठवायची आणि कोल्ड रूममध्ये रचून ठेवायची. कामाला बहुतेक बायका होत्या, उरणकडच्या आणि चिरनेरकडच्या. ओझी उचलायला डोंगरातल्या वाड्यांवरचे गडी होते.

शेठ पन्नाशीचे, हळू बोलणारे. घरातून निघताना गॅस बंद केला की नाही हे न आठवणाऱ्या माणसासारखा त्यांचा चेहरा कायम. लोडिंगच्या फलाटावरून सोलणीच्या हॉलमध्ये निरोप न्यायला त्यांचा सुपरवायझर दिवसभर पळत असायचा. कोल्ड रूममध्ये तर मोबाइल चालायचाच नाही, कारण तिच्या भिंती वीतभर जाड आणि दोन्ही अंगांनी पत्र्याच्या होत्या.

“आत गेलेल्या माणसाशी बोलता आलं पाहिजे, मॅडम. बाकी काही नाही झालं तरी चालेल,” ते पहिल्या भेटीत म्हणाले. “आणि तुम्ही पावसाळ्यात या. मासेमारी बंद असते, सगळं मोकळं असतं. शिडी कुठेही लावा.”

मला आनंदच झाला. नारळी पौर्णिमेआधी होड्या समुद्रात जात नाहीत, म्हणून या भागातल्या मासळीच्या धंद्यातली सगळी डागडुजी, रंगरंगोटी आणि वायरिंग पावसाळ्यातच उरकतात. पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. त्यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही, आणि ज्या बाईला दिसायला हवं होतं ती मी, स्कूटरला शिडी बांधून खुशीत तिथे हजर झाले.

कोल्ड रूम बंद करून धुऊन काढलेली होती. फिनेलचा आणि त्याखालून मासळीचा वास येत होता. मी लॅपटॉप हातावर धरून तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. दाराजवळ आतल्या बाजूला एकच अँटेना लावली तर खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात सिग्नल भरून राहत होता. पत्र्याच्या भिंतींवरून लहरी अशा उसळत होत्या की मला दुसरी अँटेना लावावीच लागली नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

त्या खोलीच्या दाराशी प्लास्टिकच्या स्टुलावर एक म्हातारी बसलेली असायची. सगळे तिला मावशी म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. उरणची कोळीण, साठीच्या पुढची, लुगडं गुडघ्यापर्यंत कसलेलं आणि हातात एक लाकडी दांडा. पहिल्या दिवशी मला वाटलं, दांडा कुत्री हाकलायला असेल.

ती दारवाली होती. कोल्ड रूममध्ये कुणी गेलं की त्याच्या मागे दार लावून घ्यावं लागतं. एकदा दार लागलं की आतलं ओरडणं बाहेर येत नाही, बाहेरचं आत जात नाही, आणि आत उणे अठरा. दार आतून ढकलायला एक दट्ट्या असतो, पण त्याच्यावर बर्फ धरला की तो जाम होतो. म्हणून तिथली रीत अशी होती: आत जाणाऱ्यानं चपला दाराबाहेर काढून गमबूट चढवायचे. मावशी त्या चपलांवर नजर ठेवणार. जितके जोड बाहेर तितकी माणसं आत. मधून मधून ती दारावर दांड्यानं दोन ठोके मारणार, आणि आतल्यानं हातातलं काम टाकून दोन ठोके परत द्यायचे. ठोके आले नाहीत तर मावशी दार उघडणार. एवढंच.

“किती मिनिटांनी ठोकता तुम्ही?” मी विचारलं. मला प्रत्येक गोष्ट मिनिटांत हवी असते.

“घड्याल नाय माज्याकडं. हीतं बसून मना थंडी वाजाया लागली, का समजायचं आतल्याला जास्त वाजत आसंल. तवा ठोकते.”

मला हसू आलं. मी तिला हँडसेट दाखवला. म्हटलं, “आता ठोकायची गरज नाही, मावशी. आतल्याला काही झालं तर तो यावरून बोलेल.”

तिनं हँडसेट हातात घेऊन उलटासुलटा केला. “आन् तो बोललाच नाय, तर?”

“मग बाहेरचा त्याला फोन करेल.”

“बायेरचा कोन?”

“कुणीही करेल.”

“कुनीबी म्हंजे कोन गो, बाय?”

माझ्या लॅपटॉपची बॅटरी संपत आली होती आणि नेमक्या त्या स्टुलाच्या वरच मला वायर न्यायची होती. मी जरा तोडूनच म्हटलं, “मावशी, तुमचं स्टूल थोडं सरकवता का?” तिनं हँडसेट मला परत दिला, स्टूल उचललं आणि पलीकडे जाऊन बसली.

पंधरा दिवसांत काम झालं. शेवटच्या दिवशी शेठ स्वतः हँडसेट घेऊन कोल्ड रूमच्या पार टोकाला गेले आणि तिथून त्यांनी ऑफिसातल्या क्लार्कला फोन लावला. क्लार्क इतक्या जोरात बोलला की फोन नसता तरी चाललं असतं. शेठ बाहेर आले ते हसत. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग केबिनमध्ये चहा आला. परदेशातल्या खरेदीदाराकडून दरवर्षी एक माणूस कारखाना बघायला यायचा, आणि कोल्ड रूममध्ये जाणाऱ्यांच्या सुरक्षेची काय सोय आहे असं विचारायचा. दारावर माणूस असतो, असं शेठ त्याला सांगत. आता त्यांना ते माणूस सोलणीच्या टेबलावर हवं होतं, कारण हंगामात तिथे हात कमी पडत होते. ते म्हणाले, “मॅडम, तुमच्या रिपोर्टमध्ये एक ओळ टाकता येईल का? फोनची सोय असल्यामुळे दारावर माणूस लागणार नाही, अशी.”

मी टाकली. त्यांनी आग्रहसुद्धा केला नव्हता. मी नको म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नसतं, इतके ते भिडस्त. ते माणूस म्हणजे मावशी, हे मला कळत होतं. चार बायकांच्यात गप्पा मारत काम करेल, एकटीनं दाराकडे बघत बसण्यापेक्षा बरं, असा विचारही मी केला. दुसऱ्याचं भलं आपण परस्पर ठरवून टाकतो तेव्हा फार हलकं वाटतं.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या गेल्या, टेम्पो येऊ लागले. दोन आठवड्यांनी क्लार्कचा फोन आला, “मॅडम, कोल्ड रूममध्ये फोन लागत नाही.”

माझा स्वभाव असा की तक्रार आली की आधी मी तक्रार करणाऱ्यावरच चिडते. हँडसेट चार्ज केला नसेल, म्हटलं. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा, तुम्ही ऑफिसच्या नेटवर क्रिकेट बघत असाल, म्हणून लाइन भरली असेल, म्हटलं. क्लार्क गप्प झाला, म्हणजे बघत होता. त्यामुळे माझा आणखीच ठाम विश्वास बसला. असं करत आणखी आठवडाभर मी गेले नाही. शेवटी शेठनी स्वतः फोन करून अगदी नम्रपणे विचारलं, “एकदा येऊन बघता का?” तेव्हा गेले.

कोल्ड रूमचं दार उघडलं आणि मी दारातच थबकले. मी जिथे लॅपटॉप घेऊन मोकळी फिरले होते तिथे आता जमिनीपासून छतापर्यंत माल रचलेला होता. मधे फक्त एक माणूस जाईल एवढ्या गल्ल्या. मासळी आणि पत्र्याचे ट्रे, दोन्ही या लहरींना अडवतात. परीक्षेत विचारलं असतं तर मी त्यावर दोन पानं लिहून आले असते. दारापासून दहा पावलांवर, पहिल्या वळणाला, हँडसेटवरच्या सगळ्या रेघा गेल्या. मासळीच्या कारखान्यासाठी मी मासळी नसतानाचं नेटवर्क बसवलं होतं.

बाहेर येऊन मी एका गड्याला विचारलं, “मग इतके दिवस आत काही झालं तर तुम्ही काय करणार होता?”

“काय करनार? लवकर लवकर काम करायचं नि बायेर यायचं,” तो म्हणाला.

तीन आठवडे माणसं त्या खोलीत जात-येत होती. त्यांच्या खिशात माझा मेलेला फोन होता आणि दारावर कुणीही नव्हतं. माझ्या सहीनं. मी तिथेच मावशीच्या रिकाम्या स्टुलावर बसले.

मावशी सोलणीच्या हॉलमध्ये सापडली. लांब टेबलापाशी बायका उभ्यानं कोळंबी सोलत होत्या. त्यांचे हात इतके भराभर चालत होते की नजर ठरेना, आणि त्यांच्यामध्ये मावशी एकेक कोळंबी घेऊन झगडत होती. तिची बोटं वळत नव्हती. शेजारची बाई मला सांगू लागली तेव्हा मला कळलं, की मावशीनं उमेदीची सगळी वर्षं याच टेबलावर, बर्फातल्या कोळंबीत हात घालून काढली होती. बोटं कामातून गेली तेव्हा शेठच्या वडिलांनी तिला दारावर बसवलं. आता ती पुन्हा तिथेच आली होती आणि तिच्यापुढचा ढीग सरत नव्हता. महिनाअखेरपर्यंत हात चालला नाही तर घरी बसावं लागेल, असं सुपरवायझरनं सांगून ठेवलं होतं. घरी तिचं कमावणारं कुणी नव्हतं. आम्ही बोलत असतानाच त्या बाईनं स्वतःच्या सोललेल्या कोळंबीतली मूठभर मावशीच्या टोपात सरकवली. पलीकडच्या बाईनंही सरकवली. रोजचंच असावं, कारण कुणी कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“कशा आहात, मावशी?” मी विचारलं.

“मी बरी हाय. तुजा फोन बरा हाय का?” ती म्हणाली, आणि टेबलावरच्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, पण मला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटत होतं.

चार दिवस मी तिथेच होते. पांढरे डबे आत ठेवले तर थंडीनं आणि दवानं मरतील, म्हणून ते बाहेर ठेवले, आणि छतातून भोकं पाडून प्रत्येक गल्लीच्या डोक्यावर एकेक अँटेना सोडली. आवाजाला नेटवर्कवर सगळ्यांच्या आधी वाट मिळेल अशी सोय केली, म्हणजे क्लार्कनं क्रिकेट बघितलं तरी हरकत नाही. हात फुटले, शिडीवरून एकदा घसरले, पण मी कुरकुरले नाही. फोन नीट झाला की माझी ओळ खरी ठरेल आणि माझी चूक भरून निघेल, असं मी स्वतःला सांगत होते. फोन नीट झाला की मावशीचा परतीचा रस्ता कायमचा बंद होईल, हेही मला दिसत होतं. ते मी बघायचं टाळलं.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी शेवटची चाचणी घेतली. एरवी ट्रॉल्यांची ये-जा असते, म्हणून सुट्टीचीच वेळ बरी. सँडल काढल्या, गमबूट आणि जाड जाकीट चढवलं आणि दार लावून घेतलं. गल्ली-गल्लीतून चालत मी क्लार्कशी बोलत राहिले. आवाज कुठेही तुटला नाही. अगदी मागच्या भिंतीशीसुद्धा तो शेजारी उभा राहून बोलल्यासारखा ऐकू येत होता.

“एकदम क्लिअर, मॅडम,” तो म्हणाला. “मी आता जेवायला जाऊ?”

“जा,” मी म्हटलं.

मला शेवटच्या गल्लीतले सिग्नलचे आकडे तेवढे टिपून घ्यायचे होते. पेन धरायला मी हातमोजा काढला, आणि हँडसेट दुसऱ्या हातातून निसटला. जमिनीवर आपटून त्याचं झाकण उडालं, बॅटरी उडाली, आणि तो घसरत घसरत मालाच्या फळीखाली गेला. मी गुडघ्यावर बसून हात घातला. बोटांना लागत होता, पण पकडीत येत नव्हता. किती वेळ मी तिथे अशी झगडत होते, सांगता येत नाही. थंडीत वेळेचा अंदाज जातो हे मला तेव्हा कळलं. पंखे घोंघावत होते, आणि थोड्या वेळानं बोटांना फोन लागतोय की फळी, तेही कळेनासं झालं.

मग मी तो नाद सोडला आणि दारापाशी गेले. दट्ट्या दाबला, हलला नाही. दोन्ही तळहातांनी दाबला. खांद्यानं ढकललं. मग मी घाबरले. वरती माझ्या पाच अँटेना होत्या, खोलीभर उत्तम सिग्नल होता, आणि मी आत आहे हे एका क्लार्कशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. आणि तो जेवायला गेला होता. मी ओरडले. माझा आवाज त्या मालातच मुरून गेला.

तेवढ्यात दारावर दोन ठोके पडले.

माझ्याकडे दांडा नव्हता. मी पायातला गमबूट काढला आणि त्यानं दारावर मारत सुटले. दोन नाही, वीस-पंचवीस मारले असतील. दार उघडलं. बाहेर मावशी उभी होती, सोलणीचा एप्रन घातलेला, एका हातात भाकरीचं फडकं आणि दुसऱ्या हातात पाण्याची स्टीलची बाटली. बाटलीच्या बुडानंच तिनं ठोके मारले होते.

“तुज्या सँडली बगल्या,” ती म्हणाली. “समदे जेवाया गेले नि सँडली आपल्या हीतंच. म्हनलं, ही बाय आतमंदी करते काय? दोनदा येऊन बगून गेले. तिसऱ्यांदा ऱ्हावलं नाय.”

माझे दात वाजत होते. तिनं माझे दोन्ही हात ओढून आपल्या काखेत धरले, लहान मुलाचे धरतात तसे, आणि मला तसंच भिंतीला टेकवून उभं केलं. “आनी फोन कुठं हाय तुजा?” तिनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता, चौकशीच होती. आणि मी रडले. भीतीनं रडले असं मी तिला सांगितलं, पण ते खरं नव्हतं. मला लाज वाटत होती. ज्या बाईला मी दारावरून उठवलं होतं ती जेवायच्या सुट्टीत, कुणी न सांगता, न वळणारी बोटं घेऊन दारावर येत होती. माझ्यासाठीच आली होती असंही नाही. तिथे कुणाच्याही चपला असत्या तरी ती आली असती.

क्लार्कनं गरम चहा आणून दिला. अर्ध्या तासानं बोटांत जीव आला तेव्हा मी शेठच्या केबिनमध्ये गेले. ते उशिरा जेवायचे. डबा समोर उघडा होता.

“शेठ, माझा तो पावसाळ्यातला रिपोर्ट काढा,” मी म्हटलं.

“का? फोन अजून चालत नाही?”

“चालतो. स्वच्छ चालतो. माझी ओळ चुकीची आहे.”

मी त्यांना सगळं सांगितलं. फोन फळीखाली गेल्याचंही, ओरडल्याचंही. त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. सगळं ऐकून त्यांनी तो डब्यात परत ठेवला. मग म्हणाले, “म्हणजे मी हे सगळं नेटवर्क उगाच घेतलं का, मॅडम?” ते रागावले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

“उगाच नाही. आत गेलेल्याला बोलता येईल यावर. पण तो बोलला नाही, तर ते कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं. ते काम याला जमत नाही. मला वाटलं होतं जमतं.” आपल्या मालाची उणीव गिऱ्हाइकासमोर बसून सांगायची माझी ती पहिलीच वेळ. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती सोपी गेली.

शेठनी कपाटातून फाइल काढली. मी ती ओळ खोडली, शेजारी सही केली आणि त्याखाली लिहिलं, की कोल्ड रूममध्ये कुणी असताना दारावर माणूस असलंच पाहिजे. शेठनी ते दोनदा वाचलं. “वडील असते तर त्यांनी मला हे विचारूच दिलं नसतं,” ते पुटपुटले, आणि त्यांनी क्लार्कला मावशीला बोलवायला पाठवलं.

ती केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. ओले हात एप्रनला पुसत होती. सुट्टी संपून बराच वेळ झाला होता आणि कामावरून मधेच बोलावलं म्हणजे घरी बसवायला बोलावलं, असं तिनं धरलं असावं, कारण ती आमच्या कुणाकडेच बघत नव्हती.

“मावशी,” शेठ म्हणाले, आणि अडखळले. “तुम्ही परत दारावर बसाल का?”

तिनं मान वर केली. क्षणभर तिचा चेहरा असा झाला की मी खिडकीकडे बघायला लागले.

“कवापासून?” तिनं विचारलं.

“उद्यापासून बसा. आज राहू दे, दमल्या असाल.”

“उद्या कशाला?” ती म्हणाली. “आतमंदी आता दोघं हायत.”

आणि ती वळून निघूनही गेली. तिची पावलं पॅसेजमधून लांब जाताना ऐकू येत होती, म्हातारीच्या मानानं फारच भरभर.

“कोण दोघं?” शेठनी मला विचारलं. मला माहीत नव्हतं. त्यांनाही माहीत नव्हतं. टेबलावर नवा हँडसेट होता, त्याच्या सगळ्या रेघा भरलेल्या. त्यांनी तो उचलला आणि तसाच हातात धरून राहिले, कारण लावायचा कुणाला हे आम्हा दोघांनाही सांगता येत नव्हतं. मग जेवण तसंच टाकून ते मावशीच्या मागे गेले, आणि त्यांच्या मागे मी.